दहा मीटरची खोली

गेल्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी नववीतल्या एका मुलीचे वडील आमच्याकडे आले. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेला घराचा आराखडा. घर शिवाजी पेठेतले, जुने, अरुंद आणि लांबच लांब. प्रश्न एकच होता : "सर, माडीवर एअर रायफलची रेंज करता येईल का? पोरीला सरावाला रोज लांब पाठवणं जमत नाही."

कोल्हापुरात हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो, आणि त्याचे कारण उघड आहे. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. नेमबाजीत असे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तिहेरी प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग पेठेतल्या मुलामुलींनी रायफल मागितली तर नवल नाही.

खेळासाठी खास खोली बांधणे या गावाला नवे नाही. तालमीचा आखाडा म्हणजे तरी काय? माती कोणती, किती खोल, उजेड कुठून, दार केवढे, याचा पिढ्यान्‌पिढ्या विचार करून घडवलेली खोलीच ती. फरक एवढाच, की तालमीत चूक झाली तर खरचटते. रेंजमध्ये चूक झाली तर डोळा जातो. म्हणून त्या गृहस्थांना आम्ही 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. टेप घेऊन माडीवर गेलो.

आधी एक खुलासा. वर सांगितलेल्या तिघांची पदके ५० आणि २५ मीटरची, काडतुसाच्या शस्त्रांची आहेत. ते प्रकार घरात होत नाहीत आणि कोणी करूही नयेत. घरात बसतो तो फक्त १० मीटर एअर रायफलचा किंवा एअर पिस्तुलाचा प्रकार. यात दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा फेकला जातो. छर्रा डमरूसारखा, कमरेत बारीक, आणि डोक्याला सपाट असतो. त्यामुळे कागदाला पंचमशीनने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक पडते. वजन सुमारे अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर.

या दोन आकड्यांवरून बरेच काही काढता येते, आणि अकरावीच्या वर्गात ते जरूर काढावे. गतिज ऊर्जा येते साडेसात जूलच्या आसपास, म्हणजे किलोचे वजन पाऊण मीटरवरून पडावे तेवढी. ऐकायला ही किरकोळ वाटते. पण वजन पडते ते तळव्याएवढ्या जागेवर. छर्ऱ्याची सगळी ऊर्जा १६ चौरस मिलिमीटरवर येते, तुरीच्या दाण्याएवढ्या जागेवर म्हणा. कातडीला आणि डोळ्याला हा हिशेब कळतो, म्हणून 'ती काय, छर्ऱ्याची बंदूक' असे म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नये.

१० मीटर जायला छर्ऱ्याला ०.०६ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने खाली येतो अर्धा गुणिले ९.८ गुणिले ०.०६ चा वर्ग, म्हणजे जवळजवळ १८ मिलिमीटर. आता टार्गेटकडे पाहा. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास अवघा ४५.५ मिलिमीटर, आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नळी नेमकी केंद्रावर आडवी रोखून चाप ओढला तर छर्रा केंद्राच्या १८ मिलिमीटर खाली लागेल आणि गुण मिळतील तीन. (भोकाची कड वरच्या गुणाच्या वर्तुळाला टेकली तर तो वरचा गुण धरतात, म्हणून तीन, नाहीतर दोनच.) अर्थात नेमबाज हे आधीच जाणतो. नेमाची साधने अशी लावलेली असतात, की नजरेची रेषा केंद्रावर असताना नळी किंचित वर पाहत असते.

दहा गुणांसाठी छर्ऱ्याचे केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवे, १०.९ या सर्वोच्च गुणासाठी पाव मिलिमीटरच्या आत. रायफलच्या मागच्या छिद्रापासून पुढच्या कड्यापर्यंतचे अंतर ८० सेंटिमीटर धरले, तर समरूप त्रिकोणांवरून दिसेल, की पुढचे टोक ०.२ मिलिमीटर हलले तरी दहा गुण हातचे जातात. आणि १०.९ साठी मुभा आहे ०.०२ मिलिमीटरची. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड असतो. भूमितीच्या तासाला 'समरूप त्रिकोण कशासाठी शिकायचे' असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्यावे.

आता माडी. लांबी भरली १४ मीटर, रुंदी तीन. टार्गेटच्या मागे छर्रे अडवणाऱ्या पेटीला एक मीटर, मग १० मीटर, मग उभे राहायला, बसायला आणि सामान ठेवायला तीन मीटर. लांबी पुरली. रुंदीला एका नेमबाजासाठी एक मीटर लागतो, तोही सहज मिळाला. टार्गेटचे केंद्र जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर हवे, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालते. छताची अडचण नव्हतीच.

छताचा उल्लेख मुद्दाम केला. परदेशांत आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हौशी लोक घरात गोल्फची खोली बांधतात. तिथे छत नऊ-दहा फुटांपेक्षा कमी असून चालत नाही, कारण काठी डोक्यावरून फिरते. चेंडू तीन-चार मीटरवरच्या जाड पडद्यावर आपटतो, आणि पडद्यावरच्या चित्रात मात्र तो दोनशे मीटर उडत जातो. हे कसे जमते? चेंडू काठीवरून सुटल्यावरचा पहिला क्षण तेवढा खरा मोजतात. २४ अब्ज कंपनांच्या रडार लहरींची लांबी सव्वा सेंटिमीटर. सेकंदाला ६० मीटर वेगाने दूर जाणाऱ्या चेंडूवरून त्या परततात तेव्हा त्यांची कंपनसंख्या सुमारे ९६०० ने घटलेली असते. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर उतरतो, तोच हा डॉप्लर परिणाम. यावरून वेग, कॅमेऱ्यांवरून दिशा आणि गिरकी, आणि पुढचे सहा सेकंदांचे उड्डाण सगळे गणित. गिरकी मोजण्यात थोडी चूक झाली, की चित्रातला चेंडू भलतीकडे जातो.

आमच्या माडीचे भाग्य असे, की इथे गणिताने भरून काढायचे काही उरत नाही. छर्ऱ्याचा सगळा प्रवास खोलीतच संपतो. घरातली गोल्फची खोली ही मैदानाची नक्कल असते. १० मीटरची खोली मात्र खरे मैदानच असते. आणि म्हणूनच तिच्यात खरा धोकाही असतो.

तो धोका आम्हाला त्या पेन्सिलीच्या आराखड्यात दिसला नव्हता. वडिलांनी टार्गेट रस्त्याकडच्या टोकाला घ्यायचे ठरवले होते, कारण तिकडे खिडक्या आणि उजेड. पण जिना वर येतो तो त्याच टोकाला, आणि देवघराचे दारही तिथेच, रस्त्याकडच्या भिंतीपासून दोन मीटरवर. म्हणजे टार्गेटच्या बरोबर एक मीटर पुढे! आम्ही मापे घेत असतानाच आजी हातात निरांजन घेऊन त्या दारातून बाहेर आल्या, आणि सगळेच गप्प झालो. "ती नेमबाजी करताना मी देवघरात जाणार नाही," असे त्यांनी लगेच सांगितले. पण असल्या शब्दावर रेंज चालवत नाहीत. माणूस विसरतो, पाहुणा येतो, मांजराच्या मागे लहान मूल धावते. नियम एकच : चाप ओढण्याच्या रेषेच्या पुढे दार नको, खिडकी नको, जिना नको. असेल तर विटांनी बुजवायचे. कडी लावून भागत नाही.

उपाय मात्र सोपा निघाला. आम्ही आराखडा उलटा धरला. टार्गेट मागच्या भिंतीला घेतले, तर उभे राहण्याची रेषा रस्त्याकडच्या भिंतीपासून तीन मीटरवर येते आणि देवघराचे व जिन्याचे दार तिच्या मागे जाते. शिवाय मागची भिंत दोन फूट जाडीची, दगडी, बिनखिडकीची. उजेड गेला खरा, पण उजेड विकत आणता येतो.

उजेडाचा हिशेब असा. टार्गेटवर किमान १५०० लक्स हवा, आणि बाकीच्या खोलीत तीनशे तरी. फक्त टार्गेट उजळून खोली अंधारी ठेवली, तर नेमबाजाची बाहुली सारखी लहानमोठी होते आणि डोळा थकतो. नऊ वॉटचा एलईडी दिवा सुमारे ९०० ल्यूमेन देतो. तो चहूकडे सारखा पसरला असे धरले, तर दिव्याची दीप्ती ७२ कँडेला, आणि अर्ध्या मीटरवर उजेड ७२ भागिले ०.२५, म्हणजे २८८ लक्स. अशाने पाच-सहा दिवे लागतील. त्यापेक्षा मागे परावर्तक असलेले दोन दिवे डाव्या-उजव्या बाजूने, नेमबाजाच्या डोळ्यात थेट न येतील असे लावले, की काम होते.

मोबाइलमध्ये लक्स दाखवणारी सोय असते, पण तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. आम्ही जुनी तेलाच्या डागाची युक्ती वापरली. पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाकून तो कागद टार्गेटच्या जागी टांगला. मागून साधा नऊ वॉटचा दिवा हळूहळू जवळ आणला. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला, की डाग दिसेनासा होतो. दिवा २२ सेंटिमीटरवर असताना डाग नाहीसा झाला तर समोरचा उजेड १५०० लक्स, कारण ७२ भागिले ०.२२ चा वर्ग एवढाच येतो. माप ढोबळ आहे, पण मुलांना व्यस्त वर्गाचा नियम असा डोळ्यांनी दिसतो.

यानंतर जमीन. जुन्या वाड्याची माडी म्हणजे तुळयांवर टाकलेल्या फळ्या. कोणी चालले की ती लवते, आणि इथे तर ०.०२ मिलिमीटरची भाषा चालली आहे. थाळीत पाणी घालून ती उभे राहण्याच्या जागी ठेवली आणि टॉर्चचा झोत पाण्यावरून छतावर पाडला. मुलीचा भाऊ जिन्यातून आला मात्र, छतावरचा कवडसा थुईथुई नाचू लागला. (पाण्याचा पृष्ठभाग जेवढ्या कोनात कलतो त्याच्या दुप्पट कोनात परावर्तित किरण फिरतो, म्हणून थाळी इतकी हळवी.) थाळी भिंतीलगत सरकवली तेव्हा नाच बराच कमी झाला. तुळई दोन्ही टोकांना भिंतीत रोवलेली, त्यामुळे ती मधोमध सर्वांत जास्त लवते आणि टोकाशी सर्वांत कमी. या माडीच्या तुळया रुंदीला आडव्या आहेत, म्हणून नेमबाजाची जागा भिंतीला चिकटून घेतली. सरावाच्या वेळी कोणी जिना चढायचा नाही हा नियम सुरक्षिततेसाठी होताच, आता त्याला दुसरेही कारण मिळाले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट छर्रे अडवणारी पेटी. तिच्यात आमचीच चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. उद्यमनगरातून चार मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा आणून आम्ही तो एका लाकडी खोक्यात उभा, सरळ बसवला. चाचणीचा पहिला छर्रा जाणत्या प्रशिक्षकाने चष्मा लावून मारला. कागदाला भोक पडले, 'टण्ण' आवाज झाला, आणि शिशाचा चपटा तुकडा परत येऊन तीन मीटरवर जमिनीवर पडला. आम्ही सगळे रेषेच्या मागे होतो म्हणून निभावले. पत्रा ४५ अंशांत कलता हवा, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे छर्रा खाली वळून पेटीत पडतो. इथे विद्यार्थी हमखास म्हणतील, 'आपाती कोन बरोबर परावर्तन कोन.' तसे होत नाही. शिसे मऊ असते. ते उसळी घेण्याऐवजी पसरते आणि तुकडे पत्र्याच्या पृष्ठभागालगत घसरत जातात. म्हणून पेटीच्या कडा बंद हव्यात आणि पेटीमागे, बाजूला जाड रबराचे पडदे हवेत.

साडेसात जूल ऊर्जेची सगळी उष्णता झाली आणि ती छर्ऱ्यातच राहिली असे धरले, तर त्याचे तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी वाढेल. शिसे वितळते ३२७ अंशांना. म्हणजे छर्रा वितळत नाही, चपटा होतो आणि थोडी बारीक भुकटी सुटते. ही भुकटीच घरात खरी चिंतेची. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. माडीवर गालिचा नको. केरसुणीने झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. माडीवर खायचे-प्यायचे नाही, छर्रा तोंडात धरायचा नाही (ही सवय आम्ही पाहिली आहे), सरावानंतर साबणाने हात धुवायचे. हवा बाहेर टाकणारा पंखा टार्गेटच्या बाजूला, म्हणजे वारा नेमबाजाकडून टार्गेटकडे वाहील. इथे दगडी भिंतीत खिडकी नव्हती, म्हणून पेटीच्या वर छताजवळ नळ काढावा लागला. खर्चाचा सर्वांत नकोसा भाग तोच होता, आणि वडील तो टाळू पाहत होते. आम्ही हटून बसलो. साठलेले शिसे भंगारवाल्याला द्यावे, घरी वितळवू नये.

कायद्याचेही एक वाक्य. २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटर व्यास आणि २० जूल ऊर्जा ही हवाई शस्त्रांसाठी परवान्याची सीमा आहे. स्पर्धेची एअर रायफल तिच्या आत बसते. तरीही पोलीस ठाण्यात विचारून आणि शेजाऱ्यांना सांगून मगच काम सुरू करावे.

ज्यांची खोली पाच मीटरचीच आहे त्यांनी काय करावे? टार्गेट निम्मे छापले की कोन तेवढाच राहतो, हे खरे. पण छर्रा निम्मा होत नाही, त्यामुळे भोक वर्तुळांच्या मानाने दुप्पट मोठे पडते आणि गुण फुगतात. शिवाय निम्म्या वेळात छर्रा चौथाईच खाली येतो, अंतर मात्र निम्मे. म्हणजे नेमाची साधने पुन्हा लावावी लागतात आणि खऱ्या रेंजवर गेल्यावर परत बदलावी लागतात. तेवढ्या खोलीत छर्ऱ्याशिवाय सराव करणे उत्तम. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, भिंतीवरच्या लहान ठिपक्यावर नेम धरायचा, श्वास सोडायचा, चाप ओढायचा आणि त्या क्षणी नेम कुठे होता ते मनाशी सांगायचे. मोठे खेळाडूही हा सराव करतात. नळीवर लहान कॅमेरा बसवून नेमाची रेषा संगणकावर काढणारी यंत्रेही मिळतात. चाप ओढण्याआधीच्या सेकंदात नळी कशी भटकली ते त्यात दिसते.

यंत्राशिवाय हे वर्गात दाखवता येते. एक मिलिवॅटच्या आतला लेसर पॉइंटर किलोभर वजनाच्या दांडक्याला बांधावा आणि विद्यार्थ्याने १० मीटरवरच्या आलेखकागदाच्या केंद्रावर तो स्थिर धरावा. झोताच्या वाटेत कोणी उभे राहू नये, डोळ्याकडे तो कधीच जाऊ नये. मोबाइलवर चित्रण करून दर सेकंदाला ठिपक्याची जागा टिपावी. श्वास चालू असताना ठिपका मुख्यतः वरखाली होतो. श्वास धरला की ते थांबते, आणि मग एक बारीक, ठरावीक ठेका दिसू लागतो. मनगटावर बोटे ठेवून पाहिले तर तो नाडीचा असतो.

कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक टार्गेटची हौस त्या मुलीलाही आहे. त्यातल्या एका प्रकारात कोपऱ्यांवर मायक्रोफोन असतात आणि आवाज कोणापर्यंत आधी पोचला यावरून छर्ऱ्याची जागा काढतात. ध्वनीला ०.१ मिलिमीटर जायला सेकंदाचा सुमारे तीस लाखावा भाग लागतो. एवढा फरक मोजायचा. त्यात हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे थंडीतली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत चार टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून अशा यंत्राला तापमान कळावे लागते. दुसऱ्या प्रकारात अवरक्त प्रकाशाचे जाळे असते, त्याला ही कटकट नाही. दोन्ही महाग. आमचे मत : पहिली दोन वर्षे कागदच बरा, भोक मोजायला भिंग पुरते.

आणि खोली कितीही चांगली झाली तरी ती खोलीच. २००८ साली बीजिंगला १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्रांच्या चंदीगडजवळच्या घरी उत्तम रेंज होती. तरीही बीजिंगच्या अवाढव्य सभागृहाची सवय व्हावी म्हणून त्यांनी लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन सराव केला होता. आपल्या मुलीलाही आठवड्यातून एकदा तरी दुधाळीच्या रेंजवर, अनोळखी लोकांच्या गर्दीत, उभे राहू द्या असे आम्ही वडिलांना सांगितले आहे.

माडी आता चालू आहे. पावसाळ्यात टार्गेटचे कागद दमट होऊन भोकाच्या कडा फाटू लागल्या, तेव्हा ते चुना ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सुरुवात झाली. पत्र्याच्या आवाजाबद्दल मात्र शेजारून निरोप आला. कलत्या पत्र्याच्या मागच्या बाजूला जुन्या टायरच्या ट्यूबचे दोन थर चिकटवल्यावर 'टण्ण'चे 'टप्प' झाले, आणि आता तक्रार फक्त पंख्याच्या घरघरीची आहे.